बैलाच्या खांद्यावरील दुखरी गाठ : तिचे कारण कसे शोधावे

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग व त्याच्या आसपासच्या गावांत ट्रॅक्टर आला, तरी बैलाचे महत्त्व पूर्णपणे संपलेले नाही. काळ्या जमिनीत वाफसा नेमका साधून पाभर चालवणे, उभ्या पिकात कोळपणी करणे, चिखलाच्या पाणंदीतून कडबा व शेणखत वाहणे ही कामे आजही अनेक लहान शेतकरी बैलांच्याच बळावर करतात. रब्बी ज्वारीची पेरणी ओलीच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. अशा ऐन वेळी बैलाच्या खांद्यावर गाठ आली आणि त्याने जू घेण्याचे नाकारले, तर एका बैलाबरोबर जोडीचा दुसरा बैलही गोठ्यात उभा राहतो. ओल उडून जाते आणि त्या वर्षीची पेरणी फसते.

अशा प्रसंगी बहुधा दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे, खांदा थोडासाच सुजला आहे असे समजून बैल तसाच जुंपला जातो. दुसरी चूक म्हणजे गाठ कशाची आहे याचा विचार न करता तिच्यावर डाग दिला जातो, बिब्बा लावला जातो किंवा ती फोडली जाते. खांद्यावरच्या सर्व गाठी सारख्या दिसल्या तरी त्या एका जातीच्या नसतात. काही विश्रांतीने बसतात, काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते, तर एखादी सूज अशी असते की, एक रात्र वाया गेल्यास जनावर हाती लागत नाही. यास्तव उपचाराआधी कारण शोधणे हेच खरे काम होय.

खांदा आणि फरा

बैलाच्या बाबतीत आपण ज्यास खांदा म्हणतो तो वशिंडाच्या पुढचा, मानेचा वरचा भाग होय. जू येथेच टेकते. येथील जाड कातडीखाली मांसाचे थर असून मधोमध मानेला आधार देणारा चिवट बंध असतो. गाडी ओढताना जुवाचा भार येथे वरून खाली पडतो. औत ओढताना जू मागे सरकून वशिंडाला रेटते. अशा रीतीने दाब व घर्षण असा दुहेरी ताण या लहानशा जागेवर दिवसभर येत राहतो.

पुढच्या पायाचा वरचा मांसल भाग, ज्यास फरा म्हणतात, तो याहून वेगळा आहे. त्या जागी जू कधीच लागत नाही. म्हणून तेथील सुजेचे कारण जुवात शोधू नये. गाठ नेमकी कोठे आहे, हा पहिला प्रश्न विचारताच निम्मे निदान होते.

प्रथम जिवावरचा रोग नाही ना, हे पाहावे

गाठ दिसताच बैलाचे अंगमान मोजावे. निरोगी बैलाचे अंगमान सामान्यतः १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. उन्हातून किंवा कामावरून आलेल्या बैलाचे ते थोडे वाढलेले आढळते, म्हणून त्यास सावलीत तासभर विसावा देऊन मग मोजावे. जुवाच्या साध्या सुजेत बहुधा ताप येत नाही व बैल वैरण खात राहतो. ताप असेल, रवंथ बंद असेल, जनावर मलूल असेल, तर पुढील रोगांचा विचार करावा.

फऱ्या : हा रोग विशेषतः सहा महिने ते दोन-तीन वर्षे वयाच्या, अंगाने चांगल्या जनावरांस होतो व पावसाळ्याच्या सुरुवातीस अधिक आढळतो. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. जोराचा ताप येतो, जनावर एकाएकी लंगडू लागते आणि फऱ्यावर, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते. ही सूज प्रथम गरम व अतिशय दुखरी असते. थोड्याच वेळात ती थंड व बधिर होते आणि दाबल्यास आत हवा असल्याप्रमाणे करकर आवाज येतो. असे जनावर १२ ते ४८ तासांत दगावू शकते. म्हणून सकाळची वाट न पाहता पशुवैद्यास बोलवावे. सूज मुळीच कापू नये. कापल्याने जंतू गोठ्यात व रानात पसरतात. दुर्दैवाने जनावर मेल्यास त्याचे कातडे न काढता चुना टाकून खोल पुरावे.

लंपी चर्मरोग : २०२२ साली महाराष्ट्रात या रोगाची मोठी साथ येऊन गेली. यात गाठ एकटी नसते. ताप येऊन मान, पाठ, पाय, कास अशा सर्वांगावर टणक व गोलाकार गाठी उठतात, डोळ्यांतून व नाकातून पाणी येते, पायांवर सूज येते. असे जनावर त्वरित वेगळे बांधून दवाखान्यास कळवावे.

लसिकाग्रंथींची सूज : खांद्याच्या सांध्याच्या किंचित पुढे, मानेच्या बुडाशी कातडीखाली एक लसिकाग्रंथी असते. ती फुगल्यास मालकास खांद्यावर गाठ आली असे वाटते. वस्तुतः गोचिडांमुळे होणारा थायलेरियाचा ताप किंवा लंपी यांसारख्या रोगांचे ते एक लक्षण असते. अशी गाठ चोळू नये व फोडू नये. मूळ रोगाचा उपचार करून घ्यावा.

इंजेक्शनची गाठ : मानेत लस टोचल्यावर तेथे लहानशी टणक गाठ येऊ शकते. ती काही दिवसांत आपोआप बसते. मात्र ती वाढत गेली, गरम व मऊ झाली, तर आत पू होत आहे असे समजावे. म्हणूनच गेल्या महिन्याभरात बैलास कोणते इंजेक्शन दिले होते, हे पशुवैद्यास आवर्जून सांगावे.

यांपैकी काही नसेल आणि गाठ जुवाच्या जागीच असेल, तर ती बहुधा खांदेसूज होय. पुढील विवेचन तिच्यासंबंधी आहे.

गाठ कशाची आहे हे हाताने ओळखणे

बैल सपाट जागी, सावलीत उभा करावा. ओळखीच्या माणसाने वेसण धरावी. प्रथम दुसऱ्या बैलाच्या निरोगी खांद्यावर हात फिरवावा, म्हणजे स्वाभाविक कातडी किती उबदार व किती सैल असते हे हातास कळते. नंतर गाठीवर हाताची पाठ टेकवून उष्णता पाहावी आणि मग बोटांनी हलकेच दाबावे. या तपासणीत पुढील चार अवस्थांपैकी कोणती तरी एक आढळते.

पहिली अवस्था, ताजी सूज. कालपरवाच आलेली, गरम, पसरट व दुखरी. बोटाने दाबल्यास किंचित खळगा पडतो व तो हळूहळू भरून येतो. हात लावताच बैल मान खाली घालतो किंवा अंग चोरतो. अशी सूज वेळीच विश्रांती मिळाल्यास पूर्णपणे बरी होते. शेतकऱ्याच्या हाती असलेली खरी संधी हीच होय.

दुसरी अवस्था, पाण्याची किंवा रक्ताची गाठ. सतत घासल्याने किंवा एकाएकी झटका बसल्याने कातडीखाली पाण्यासारखा द्रव अथवा रक्त साचते. गाठ गोल व मऊ असते, एका बाजूने दाबल्यास दुसऱ्या बाजूस हलते. सुरुवातीची दुखरी अवस्था ओसरल्यावर ती फारशी दुखत नाही.

तिसरी अवस्था, गळू. कातडीतून जंतू आत शिरल्याने किंवा बाभळीचा काटा मोडून राहिल्याने आत पू होतो. गाठ गरम, ताणलेली व अत्यंत दुखरी असते. पुढे एका ठिकाणी ती मऊ पडते व तेथील केस झडतात. काही बैलांस थोडा तापही येतो.

चौथी अवस्था, आवाळू. वारंवार सुजलेल्या खांद्यात तंतुमय मांस वाढून टणक गोळा तयार होतो. तो थंड असतो व दाबल्यास दुखतही नाही, म्हणून मालक निर्धास्त राहतो. परंतु बैल जुंपला की जू त्याच उंचवट्यावर टेकते, कातडी फाटते आणि जखम चिघळते. आवाळू चोळून किंवा शेकून जिरत नाही.

दुसरी, तिसरी व चौथी अवस्था बाहेरून ओळखण्यात जाणत्या माणसाचीही फसगत होऊ शकते. पशुवैद्य अशा वेळी निर्जंतुक सुई गाठीत घालून पाहतात. फिकट पिवळे पाणी, रक्त किंवा पू जे येईल त्यावरून निदान होते; काहीच न आल्यास गाठ भरीव आहे असे ठरते. या साध्या तपासणीचे महत्त्व फार आहे, कारण ताज्या रक्ताची गाठ गळू समजून फोडल्यास रक्तस्राव थांबवणे कठीण जाते, आणि आवाळूवर पाते चालवल्यास हाती केवळ जखम येते. भरीव गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा तिच्यावरील व्रण भरून येत नसेल, तर मांसाचा लहान तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेणे श्रेयस्कर.

मूळ कारण जुवात आणि गाडीत

गाठीचा प्रकार कळला, तरी ती का आली हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर न शोधता बैल बरा करून पुन्हा त्याच जुवाखाली दिला, तर काही दिवसांतच तीच गाठ पुन्हा येते.

दाबाचा हिशेब सोपा आहे. बैल दीर्घकाळ काम करताना आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी ओढ देतो असे सामान्यतः धरतात. ४०० किलो वजनाच्या बैलाची ओढ ४० किलो झाली. जू गुळगुळीत, रुंद व खांद्याच्या आकाराचे असून ते २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर पावशेराहूनही कमी, म्हणजे २०० ग्रॅम भार येतो. तेच जू दोरीच्या एखाद्या गाठीवर किंवा झिजलेल्या कडेवर, केवळ १० चौरस सेंटिमीटर जागेत टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरवर चार किलो, म्हणजे वीसपट भार पडतो. बैल तोच, काम तेच. अंतर केवळ जुवाच्या घडणीचे.

म्हणून जू सोडून घेऊन त्याची बारकाईने पाहणी करावी. खालच्या बाजूवरून उघडा तळहात फिरवावा. जे आपल्या हातास टोचते ते बैलास दिवसभर टोचत असते. तडे, खिळे, उखडलेला पत्रा, दोरीचे पीळ, घाम व माती वाळून झालेले खरखरीत थर, या सर्वांची नोंद घ्यावी. त्यानंतर गाठीच्या जागेवरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते.

गाठ खांद्याच्या माथ्यावर असेल, तर वरून पडणारा भार जास्त आहे. दुचाकी गाडीत माल पुढे भरला गेला की त्याचे ओझे जुवावर येते. माल आसाच्या दोन्ही बाजूंस समतोल भरल्यास ते बहुतांशी चाकांवर राहते. फार मागे भरल्यास गाडी उलाळ होते व सापती बैलाच्या गळ्यास आवळते. म्हणून गाडी भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहावे. एका माणसास ते सहज उचलता यावे.

गाठ वशिंडाच्या अगदी पुढे असेल, तर जू ओढीच्या वेळी मागे सरकत आहे. औत फार खोल लागले आहे काय, सापती सैल आहे काय, हे पाहावे.

गाठ मानेच्या बाजूस असेल, तर शिवळ घासत आहे किंवा जोडी विषम आहे. एक बैल उंच व एक ठेंगणा असल्यास जू तिरके राहते. तसेच जुवाची बांधणी मधोमध नसेल, तर ज्या बैलाकडे ती सरकली असेल त्यावर अधिक भार येतो. दुबळ्या बैलास सवलत देण्यासाठी बांधणी मुद्दाम सरकवतात, तेव्हा सबळ बैलाच्या खांद्याकडे रोज लक्ष द्यावे.

काही वेळा जू निर्दोष असते व दोष कामाच्या वेळापत्रकात असतो. महिनोन्महिने बसून असलेल्या बैलाची कातडी मऊ पडते. त्यास पहिल्याच दिवशी नांगरास किंवा उसाच्या गाडीस जुंपले, तर खांदा सुजणारच. नव्याने शिकवलेल्या खोंडाचेही तसेच. पावसात भिजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते, हेही ध्यानात ठेवावे.

उपचाराची दिशा

ताजी सूज दिसताच बैल जुवाबाहेर काढावा. हा उपचाराचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा भाग होय. पहिला दिवसभर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात किंवा पाण्याची हलकी धार सोडावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, कातडी फाटलेली नसल्यास, मीठ घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे शेकावे. पाणी आपल्या कोपरास सोसेल इतकेच गरम असावे. शेकल्यावर मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीन यांचा लेप लावल्यास सूज उतरण्यास मदत होते.

कातडी सोलवटली असल्यास शेक न देता पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने जखम धुऊन कोरडी करावी, जंतुनाशक मलम लावावे आणि माशा बसणार नाहीत अशी व्यवस्था करावी.

पाण्याची गाठ, गळू व आवाळू यांचे उपचार पशुवैद्याकडूनच करून घ्यावेत. गळू पिकल्यावर योग्य जागी छेद देऊन पू काढतात व पोकळी आतून भरून येईपर्यंत रोज धुतात. आवाळू शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र ते लहान असतानाच काढणे सोयीचे असते. शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरून नवी कातडी टणक होईपर्यंत बैल जुंपू नये. म्हणून हे काम हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यापूर्वी उरकणे इष्ट.

वेदनाशामक औषध माणसांच्या औषधांतून आणून देऊ नये. डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यावर २००६ साली बंदी आली. ते दिलेल्या जनावराचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडे मरतात असे सिद्ध झाले होते. २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांसही जनावरांसाठी मनाई झाली. सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत व ते पशुवैद्य देऊ शकतात.

डागणे, बिब्ब्याचे तेल किंवा आम्ल लावणे, इंजिनचे काळे तेल चोपडणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. डागल्याने वरची कातडी जळून तिचा कठीण व्रण होतो. तो जुवाखाली लवकर फाटतो, आणि आतील गाठ होती तशीच राहते.

गाठ येऊच नये म्हणून

या भागात ज्येष्ठी पौर्णिमेस कारहुणवी, म्हणजे कर्नाटकी बेंदूर साजरा होतो. राज्यात इतरत्र बेंदूर किंवा पोळा होतो. या सणास धरून बैलांचे खांदे तूप-हळदीने मळण्याची रीत अनेक गावांत आहे. कृतज्ञतेच्या या रीतीत एक उत्तम तपासणीही दडलेली आहे. खांदा मळणाऱ्या हातास उष्णता, दुखरेपणा, केस झडलेली जागा व बारीक गाठ सर्वांआधी जाणवते. वर्षातून एकदा होणारी ही खांदेमळणी हंगामात रोज संध्याकाळी, बैल सोडताच, दोन मिनिटांसाठी केली तर बहुतेक गाठी पहिल्याच अवस्थेत सापडतील. घाम व धूळ पाण्याने धुवावी, खांदा कोरडा करावा आणि हात फिरवून पाहावा, एवढेच करावयाचे आहे.

याखेरीज पुढील गोष्टी पाळाव्यात. जू हलक्या पण चिवट लाकडाचे, खालून गोलाई दिलेले व रुंद असावे. गादी लावल्यास ती स्वच्छ व कोरडी ठेवावी, कारण घामाने कडक झालेली गादी उघड्या लाकडाहून वाईट. जोडी उंची, वय व बळ यांनी सारखी असावी. विश्रांतीनंतर पहिले आठ-दहा दिवस काम थोडथोडे वाढवत न्यावे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेसारख्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल घेताना दात, शिंगे व चाल यांबरोबर खांदाही दाबून पाहावा. जुने आवाळू केसांखाली झाकलेले असू शकते. फऱ्या व घटसर्प यांच्या लसी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात.

कायद्यानेही या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत. प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये १९६५ साली केलेल्या नियमांनुसार गाडीच्या जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. ज्या भागात तपमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर वापरण्यास मनाई आहे. सोलापुरी उन्हाळ्यात हा नियम रोजच लागू पडतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढे आग्रहाने मांडला, तेव्हा जुवाने होणाऱ्या इजांकडेही लक्ष वेधले होते. गाडीस रबरी चाके आली. परंतु बैलाच्या खांद्यावरील जू पुष्कळ ठिकाणी आजोबांच्या काळचेच राहिले आहे. गावच्या सुताराकडून ते नीट तासून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

सारांश

खांद्यावर गाठ दिसली की, बैल सोडावा, अंगमान मोजावे, गाठ जुवाच्या जागी आहे की फऱ्यावर, एक आहे की अनेक, गरम आहे की थंड, मऊ आहे की टणक, हे पाहावे, आणि त्याच दिवशी जू उलटे करून तेही तपासावे. ताप, लंगडणे किंवा करकर आवाज आढळल्यास घरगुती उपचारात वेळ न घालवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी अथवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधावा. बैलास आपले दुखणे बोलून सांगता येत नाही. जू पुढे धरताच तो मान मागे घेतो, एवढीच त्याची भाषा. त्यास हट्टी समजून चाबूक उगारण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहावा.